वटलेल्या कागदांवरील सह्या : गोंदियाच्या परिसरातील हुंडी, धनादेश आणि त्यांचे धनी

पूर्व विदर्भात, गोंदिया शहराजवळ, बालाघाटकडे जाणाऱ्या वाटेवर नागरा हे गाव आहे. प्राचीन शिवमंदिरामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे हे गाव पंचक्रोशीला परिचित असले, तरी पैशाच्या व्यवहाराचा इतिहास पाहणाऱ्याला त्याचे महत्त्व त्याच्या भोवतालामुळे वाटते. एका बाजूला धानाची बांधी, तळी आणि मालगुजारी यांवर उभी असलेली झाडीपट्टीची जुनी अर्थव्यवस्था आहे, तर दुसऱ्या बाजूला, बैलगाडीने तासा-दोन तासांत पोहोचता येईल अशा अंतरावर, रेल्वेने घडवलेले गोंदिया हे जंक्शन व बाजारपेठ आहे. जुने बँक धनादेश जमवणे आणि त्यांवर सही करणाऱ्या माणसांचा शोध घेणे हा छंद इंग्लंड-अमेरिकेत संस्था स्थापन होण्याइतका रुजला. अशा मुलखात तो करू पाहणाऱ्याला मात्र आरंभीच एक अडचण येते. येथे पैसा दीर्घकाळ धनादेशाने फिरतच नव्हता. तो खात्यावर फिरे, धान्याच्या मापाने फिरे आणि लांबचा पल्ला असेल तर हुंडीने फिरे. म्हणून येथील धनादेशाचा इतिहास हुंडीपासूनच सुरू करावा लागतो, आणि मिळालेल्या प्रत्येक धनादेशाबाबत 'हा कोणी लिहिला' याबरोबरच 'याला धनादेश लिहिण्याची गरज का पडली' हेही विचारावे लागते.

धनादेश म्हणजे खातेदाराने आपल्या बँकेला दिलेली लेखी आज्ञा. तीत ठरावीक रक्कम, ठरावीक व्यक्तीला किंवा कागद घेऊन येणाऱ्याला, मागताक्षणी द्यावी असे सांगितलेले असते. भारतात त्याची कायदेशीर व्याख्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने केली. परक्राम्य संलेख म्हणजे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना ज्यावरील हक्कही बरोबर जातो असा कागद. या कायद्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषांत लिहिलेल्या अशा कागदांबाबतच्या स्थानिक रूढींना धक्का लावलेला नाही, आणि त्या एका सवलतीमुळे हुंडी आपल्या जुन्या नियमांनिशी विसाव्या शतकातही चालू राहिली. इंग्लंडमध्ये जपलेल्या सर्वांत जुन्या धनादेशांपैकी एक १६ फेब्रुवारी १६५९ चा, निकोलस व्हॅनॅकर याने क्लेटन अँड मॉरिस या पेढीवर लिहिलेला, ४०० पौंडांचा आहे. हे वर्ष महाराष्ट्राला अफझलखानाच्या वधासाठी लक्षात आहे. त्या काळी येथे सराफ-सावकारांच्या पेढ्यांवरून हुंड्या सुटत होत्या, आणि त्यांची पद्धत व्हॅनॅकरच्या चिठ्ठीपेक्षा अधिक गुंतागुंतीची होती.

मराठी भाषेने ही वडीलकी अजून सांभाळली आहे. धनादेश 'वटतो' किंवा 'वटत नाही' असे म्हटले जाते, ते क्रियापद सराफाच्या बैठकीवरचे आहे. निरनिराळ्या टांकसाळींची नाणी एकमेकांत बदलताना जी घट सोसावी लागे तिला 'वटाव' म्हणत. हुंडीचे रोख पैसे करून घेणे म्हणजे ती 'वटवणे' आणि त्यासाठी पेढी घेई ती 'हुंडणावळ'. ज्याच्यावर हुंडी लिहिली आहे त्याने ती मान्य करणे म्हणजे 'सकारणे'. बँकेचा छापील कागद आला तेव्हा 'चेक' हे नाव इंग्रजीतून आले, 'धनादेश' हा प्रतिशब्द पुढे घडवला गेला, पण क्रियापद कोणाला नव्याने घडवावे लागले नाही.

हुंडीचे मुख्य प्रकार दोन : दाखवताच पैसे द्यावयाची ती दर्शनी आणि ठरलेल्या दिवसांनंतर द्यावयाची ती मुद्दती. पैसे कोणाला द्यावेत यावरून पुन्हा भेद पडत. 'धनीजोग' हुंडी धारण करणाऱ्या धन्याला, 'नामजोग' नाव घातलेल्या माणसाला आणि 'शाहजोग' केवळ बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याला देय असे. शाहजोग हुंडीची ही अट आधुनिक रेखांकित धनादेशाची आठवण करून देणारी आहे, कारण दोन्हींमागचा हेतू एकच : चोराच्या हाती कागद पडला तरी पैसे पडू नयेत. हुंडी वाटेत हरवली तर लिहिणारा तिची दुसरी प्रत देई, तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर तिसरी, ती 'परपेठ'. पैसे चुकते झाल्यावर निकामी झालेल्या हुंडीला 'खोका' म्हणत. संग्राहकांच्या हाती येतात त्या बहुतेक अशा खोकाच असतात.

एखादी खोका हातात घेऊन पाहिली तर तिची शिस्त लक्षात येते. आरंभी मंगलवाचक शब्द, मग ज्या गावी पैसे द्यावयाचे त्या गावाचे व पेढीचे नाव, मग लिहिणाऱ्या पेढीचे गाव व नाव, मग रक्कम आणि शेवटी मिती. रक्कम आकड्यात येते, अक्षरांत येते, आणि तेवढ्यावर न थांबता तिची निम्मी रक्कम देऊन 'त्याची दुप्पट पुरी द्यावी' असे लिहिलेले असते. हजार रुपयांची हुंडी असेल तर पाचशेची दुप्पट. आकड्यापुढे एक शून्य वाढवणे सोपे आहे. पण आकडा, अक्षर आणि निम्मी रक्कम या तिन्ही ठिकाणी एकाच वळणाने फेरफार करणे फार अवघड. पुढे धनादेशावर कोपऱ्यात तिरपे 'रुपये अमुकच्या आत' असे लिहिण्याचा जो प्रघात पडला त्यामागे हीच सावधगिरी होती, पण तिच्यात निम्म्याच्या दुपटीची ऐट नाही. हुंडी एका हातून दुसऱ्या हाती गेली की मागे 'बेचाण' लिहिले जाई, म्हणजे हस्तांतराची नोंद होई, आणि चार-पाच बेचाणे असलेली हुंडी हा त्या मार्गावरील पतीचा छोटासा नकाशाच असतो. ब्रिटिश अमलात मुद्दती हुंडीसाठी राजाराणीची मुद्रा असलेला मुद्रांकित कागद वापरावा लागे, आणि त्या मुद्रेवरील चेहऱ्यावरून कागदाचा काळ ठरवता येतो; मुद्रांक जमवणाऱ्यांनीच आरंभी हुंड्या जपल्या, मजकुरासाठी कोणी जपल्या नाहीत, ही जराशी खेदाची गोष्ट आहे.

हुंडीवरील सही मात्र संशोधकाला चकवते. ती बहुधा माणसाची नसून पेढीची असते. मुनीम, म्हणजे पेढीचा मुख्य कारभारी, पेढीचे नाव लिहितो आणि ते नाव दोन-तीन पिढ्या, कधी मूळ पुरुषाच्या मृत्यूनंतरही, तसेच चालते. नागपूर-कामठीला बिकानेरहून आलेल्या डागा घराण्याची 'बन्सीलाल अबीरचंद' ही पेढी या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. या पेढीचे सर कस्तूरचंद डागा यांचे नाव नागपूरच्या कस्तूरचंद पार्कमुळे सर्वतोमुखी आहे, पण पेढीच्या कागदावर शोधावयाचे नाव कस्तूरचंदांचे नव्हे, पेढीचेच. शिवाय मारवाडी पेढ्यांचे लेखन मुडिया किंवा महाजनी म्हटल्या जाणाऱ्या, काना-मात्रा गाळणाऱ्या लिपीत असे. स्वर नसलेला मजकूर संदर्भावाचून लावताच येत नाही, आणि अशा लिपीची थट्टा करणाऱ्या गोष्टी उत्तर हिंदुस्थानात भरपूर आहेत.

गोंदियाच्या परिसरात बँकेचा कागद आला तो रेल्वेच्या मागोमाग. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. पण पूर्वेकडचा हा भाग मोठ्या बाजाराला जोडला गेला तो १८८० नंतरच्या दशकात, जेव्हा आधी नागपूर-छत्तीसगड रेल्वे झाली आणि मग १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो मार्ग घेऊन रुंद केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून उत्तरेला बालाघाट-नैनपूरकडे आणि दक्षिणेला चांद्याकडे अरुंद रूळ गेले, आणि चार दिशांचा माल एका ठिकाणी उतरू लागला. तांदूळ, लाख, तेंदूपत्ता, इमारती लाकूड यांचा व्यापार वाढला, धान भरडण्याच्या गिरण्या आल्या आणि पुढे विडीचा धंदा असा फोफावला की गोंदियाची ओळखच विडीची झाली. त्याच सुमारास शेजारच्या बालाघाट व भंडारा भागांत मँगनीज खणले जाऊ लागले. कलकत्त्याच्या दलालाला, रेल्वे कंपनीला किंवा जहाजावर माल चढवणाऱ्या अडत्याला पैसे देण्याघेण्यासाठी खात्यावरची नोंद पुरेशी नव्हती. तेथे बँक लागली.

यावरून या परिसरातील जुन्या धनादेशांवर कोणाच्या सह्या असण्याचा संभव आहे हे ताडता येते. खाणमालक व त्यांचे व्यवस्थापक, रेल्वेचे ठेकेदार, गिरणीवाले, लाकडाचे व विडीपत्त्याचे ठेकेदार, मोठे मालगुजार, वकील आणि सरकारी अधिकारी एवढेच ते वर्तुळ आहे. धान पिकवणारा कोहळी किंवा पोवार शेतकरी त्यात नाही. त्याचे कर्ज धान्यात असे. बियाण्याला धान नेले तर सुगीला 'सवाई'ने, म्हणजे पाव हिस्सा वाढवून, किंवा 'दिढी'ने, म्हणजे निम्मे वाढवून परत करावयाचे, आणि या व्यवहाराची नोंद सावकाराच्या लाल कापडात बांधलेल्या वहीत होई. नागऱ्यासारख्या गावचा शेतकरी बँकेच्या दारात आला तो पुष्कळ उशिरा, सहकारी पतसंस्थांच्या मार्गाने. सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा १९०४ चा आहे, पण त्यांचे कर्जही बराच काळ रोखीनेच हाती पडे. म्हणून या भागातील धनादेशांचा एखादा संग्रह पाहून 'त्या काळचा समाज' पाहिल्याचा भास होत असेल, तर तो भासच आहे. धनादेश बाजारपेठेची बाजू सांगतो. गावाची बाजू वहीत राहिली, आणि दर लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा झाल्यावर जुन्या वह्या माळ्यावर चढल्या.

धनादेशाचा काळ ठरवण्याची साधने त्या कागदावरच असतात. बँकेचे नाव हे पहिले. बँक ऑफ बंगाल, बँक ऑफ बॉम्बे व बँक ऑफ मद्रास या तीन इलाखा बँका एकत्र होऊन जानेवारी १९२१ मध्ये इम्पीरियल बँक ऑफ इंडिया झाली आणि १ जुलै १९५५ रोजी तिची भारतीय स्टेट बँक झाली. म्हणजे इम्पीरियलचा धनादेश साडेचौतीस वर्षांच्या पट्ट्यात बसतो, जरी छापील पुस्तिका संपेपर्यंत जुनी नावे काही काळ वापरात राहत. दुसरे साधन मुद्रांक. धनादेशावर एक आण्याचे मुद्रांकशुल्क होते आणि चलनविषयक हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीनंतर ते १९२७ मध्ये उठवले गेले. एक आण्याचे तिकीट चिकटवलेला किंवा तशी मुद्रा उठवलेला धनादेश त्यामुळे त्या वर्षाच्या अलीकडे आणता येत नाही. तिसरे साधन रकमेची चौकट. रुपये, आणे, पै असे तीन रकाने असतील तर कागद १ एप्रिल १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वी छापलेला. रुपये व नवे पैसे असे असेल तर त्यानंतरचा आणि १९६४ मध्ये 'नवे' हा शब्द गळण्यापूर्वीचा.

गोंदियाच्या बाबतीत चौथे एक साधन आहे आणि ते इतरत्र क्वचितच इतके उपयोगी पडत असेल. जागा न बदलता या गावांचे पत्ते बदलत गेले. एकच माणूस, एकाच घरात बसून, आधी 'सी. पी.', मग 'सी. पी. अँड बेरार', १९५० नंतर 'म. प्र.', १ नोव्हेंबर १९५६ नंतर मुंबई राज्य आणि १ मे १९६० नंतर महाराष्ट्र असा पत्ता घालीत गेला. जिल्हा मात्र या सर्व काळात भंडाराच होता; गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. व्यापाऱ्याच्या रबरी शिक्क्यावर पत्ता असतो, आणि शिक्का नवा करण्याचा कंटाळा ही सार्वत्रिक गोष्ट असल्यामुळे त्यावर एकट्यावर विसंबू नये, पण तिकीट, रकाने आणि शिक्का ही तिन्ही जुळली तर दशक निश्चित होते.

आता सहीकडे वळावे. धनादेशावर सहीला जे सर्वस्व आले आहे ते मराठी लेखनव्यवहारात पूर्वी नव्हते. शिवकालीन व पेशवेकालीन सरकारी पत्रांची ग्राह्यता धन्याच्या सहीवर नसून माथ्यावरील शिक्क्यावर आणि अखेरीच्या मोर्तबावर असे. खासगी दस्तऐवजांत लिहिणारा वेगळा असेल तर 'बकलम अमुक' आणि स्वतः लिहिले असेल तर 'दस्तुर खुद्द' असे येई, साक्षीदारांची नावे 'गोही' म्हणून येत, आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याचे चिन्ह काढीत. देशावरील पाटलाची 'निशाणी नांगर' प्रसिद्धच आहे. कागदाच्या तळाशी काढलेला तो चिमुकला नांगर त्या माणसाच्या कुळाचा आणि वतनाचा असे, त्याच्या एकट्याच्या हाताचा नसे. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून करारावर हाताचा ठसा उमटवून घेतला, १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचे कार्यालय निघाले आणि नांगराची जागा हळूहळू डाव्या अंगठ्याने घेतली. नांगरातून निदान माणसाचा धंदा कळत असे.

बँकेने सहीकडून एक नवी गोष्ट मागितली : ती दर वेळी तशीच असली पाहिजे. खाते उघडताना नमुन्याची सही घेतली जाते आणि प्रत्येक धनादेश तिच्याशी ताडला जातो. येथे कायद्याचा एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. आदेशावर देय असलेल्या धनादेशाच्या पाठीवरील सही खोटी निघाली आणि बँकेने नेहमीच्या रीतीने पैसे दिले असले, तर १८८१ च्या कायद्याचे ८५ वे कलम बँकेला संरक्षण देते. पण खुद्द खातेदाराचीच सही बनावट असेल तर ते संरक्षण नाही, कारण मग बँकेला आज्ञा मिळालीच नव्हती असे धरले जाते. म्हणून कारकून समोरची सही डोळ्यात तेल घालून पाही, आणि म्हणूनच मोडीच्या घसरत्या हातवळणात वाढलेल्या माणसालाही आपली सही एका साच्यात गोठवावी लागे. त्यामुळे एकाच माणसाचे वीस-पंचवीस वर्षांचे धनादेश मिळाले तर अक्षर म्हातारे होत गेलेले दिसते, पण सहीची मोड तीच असते. कंपवाताने थरथरणाऱ्या हातानेसुद्धा शेवटचा फराटा जुन्याच कोनात ओढलेला असतो.

सहीची लिपी हे सही करणाऱ्याच्या शोधातील पहिले पाऊल आहे. गोंदियात मराठी, हिंदी, गुजराती, मारवाडी, बंगाली, तेलुगू आणि पोवारी बोलणारे लोक एकाच रस्त्यावर व्यापार करीत आले, आणि धनादेशाचा छापील मजकूर इंग्रजी असला तरी सही ज्याने त्याने आपल्या लिपीत केली. मोडीतली सही बहुधा जुन्या मराठी शिक्षणाची. काना-मात्रा नसलेली सही पेढीवर वाढलेल्याची. इंग्रजी सही वकिलाची, कारकुनाची किंवा पुढच्या पिढीची. बापाची सही मोडीत आणि मुलाची इंग्रजीत असा बदल एकाच खात्यावर दिसला तर त्या दोहोंमध्ये केव्हातरी नागपूर किंवा जबलपूरच्या शाळेचा खर्च झालेला असतो.

मग नाव लावायचे. मध्य प्रांतातील दस्तऐवजांत नावाची मांडणी ठरलेली असते : नाव, 'वल्द' म्हणून बापाचे नाव, जात, 'साकीन' म्हणून राहण्याचे गाव, तहसील, जिल्हा. विवाहितेच्या नावापुढे 'जौजे' आणि नवऱ्याचे नाव, विधवेच्या नावापुढे 'बेवा'. धनादेशावर यांतले काहीच नसते; असते ते आडनाव आणि दोन आद्याक्षरे. ही दरी भरून काढण्यासाठी बंदोबस्ताचे कागद उपयोगी पडतात. बंदोबस्त म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जमीनमहसूल निश्चित करण्याची मोहीम. तिच्या मिसलीत गाववार मालगुजार, त्यांचे हिस्से आणि कुळे यांची नोंद असते, आणि 'वाजिब-उल-अर्ज' या पत्रकात गावच्या रूढी, तळ्याच्या पाण्याचा वाटा, जंगलावरचा हक्क हे सारे येते. मालगुजार हा गावचा महसूल सरकारला भरून देणारा आणि त्या बदल्यात गावावर मालकी सांगणारा असामी. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी कायद्याने संपली, पण त्या काळी बांधलेल्या तळ्यांना भंडारा-गोंदियात आजही माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात 'मामा तलाव', म्हणतात. धनादेशावरील आडनाव अशा मिसलीत सापडले, दिवाणी दाव्याच्या निकालात पुन्हा दिसले आणि १९०८ च्या भंडारा जिल्हा गॅझेटियरात त्या घराण्याचा उल्लेख मिळाला, तर सहीमागे माणूस उभा राहू लागतो. कलकत्त्याहून निघणारी थॅकरची व्यापारी निर्देशिका कंपन्या आणि व्यवस्थापकांसाठी कामाला येते. स्त्रियांसाठी यांतले कोणतेही साधन पुरे पडत नाही. बेवा म्हणून इस्टेट सांभाळणाऱ्या बाईची सही धनादेशावर असते, पण निर्देशिकेत तिच्या मृत नवऱ्याचे किंवा मुखत्याराचेच नाव छापलेले असते. अशा वेळी मृत्युपत्र व वारसा दाखल्याची कागदपत्रे हाच मार्ग.

काही सह्यांचा माग आपोआप लागतो. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या धंद्यातले मोठे नाव. त्यांनी आपल्या संपत्तीतील मोठा भाग मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिला आणि त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. गोंदियाचे मनोहरभाई पटेल विडीच्या धंद्यातून पुढे आले आणि गोंदिया शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून ओळखले गेले. अशा नामवंतांच्या सहीचा कागद बाजारात किंमत मिळवतो आणि संग्राहकही त्याच्यामागे धावतात. पण संशोधनाच्या दृष्टीने त्या कागदातून नवे फारसे निष्पन्न होत नाही, कारण त्या माणसांविषयीची माहिती अन्यत्र आहेच. खाणीवरच्या हजेरी कारकुनाने पगारासाठी वटवलेला, तिकीट लावलेला, घडीवर फाटलेला धनादेश कोणी काचेत लावीत नाही. त्याच्या पाठीवर मात्र सही असते, आणि पुष्कळदा तो माणूस कागदोपत्री तेवढ्या एकाच ठिकाणी उरलेला असतो.

पाठीचा हा मुद्दा जरा ताणून सांगण्यासारखा आहे. आदेशावर देय असलेला धनादेश पैसे घेणाऱ्याने मागे सही करून वटवावा लागतो. तो पुढे दुसऱ्याला दिला असेल तर त्याचीही पाठसही येते, वसुलीसाठी पाठवणाऱ्या बँकेचा शिक्का येतो, पैसे दिल्याची तारीख येते. हुंडीवरील बेचाणांचेच हे बँकेतले रूप. धनादेश चौकटीत बसवून भिंतीवर टांगणारा त्याची अर्धी, आणि बहुधा बोलकी, बाजू भिंतीला टेकवतो.

एवढे करूनही असे कागद दुर्मीळ का, याचे उत्तर बँकेच्या तळघरात आहे. अमेरिकेत वटलेले धनादेश महिन्याच्या हिशोबाबरोबर खातेदाराला परत पाठवण्याची पद्धत दीर्घकाळ होती, त्यामुळे तेथे घरोघरच्या पेट्यांत ते शेकड्यांनी उरले. भारतात वटलेला धनादेश सामान्यतः बँकेकडेच व्हाउचर म्हणून राहतो आणि ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतो. १९८५ च्या नियमांनी बँकांचे काही कागद किमान पाच वर्षे आणि काही आठ वर्षे जपण्याचे बंधन घातले, त्यापुढे जागेची टंचाई निर्णय घेते. जे बाहेर आले ते बहुधा बंद पडलेल्या गिरण्यांच्या दफ्तरांतून, वकिलांच्या बासनांतून किंवा बुडालेल्या बँकांच्या रद्दीतून. बुडालेल्या बँकांत विदर्भाला जवळून आठवणारी बँक म्हणजे अकोल्याची लक्ष्मी बँक. ती १९६० मध्ये कोसळली, त्याच वर्षी केरळातील पलाई सेंट्रल बँक बंद पडली, आणि या दोन धक्क्यांनंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. आरंभी त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे १,५०० रुपये होती. अशा बँकेचा कोरा धनादेश आज संग्राहकाला हवासा वाटतो, आणि ज्याची ठेव अडकली होती त्याच्या घरात तोच कागद वेगळ्या कारणाने जपलेला असतो.

धनादेशाची कागदी भ्रमंतीही आता आटोपली आहे. धनादेशाऐवजी त्याची प्रतिमा पाठवण्याची पद्धत २००८ मध्ये दिल्लीत आणि २०१३ मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि आता गोंदियात भरलेला धनादेश गोंदियातच थांबतो व त्याचे चित्र तेवढे पुढे जाते. नव्या कागदांवर खातेक्रमांक छापलेला असल्यामुळे अलीकडचे धनादेश जमवताना तो झाकून ठेवावा आणि हयात माणसाच्या सहीची प्रत प्रसृत करू नये, हा संकेत गंभीर संग्राहक पाळतात. ज्या सहीवर अजून पैसे निघू शकतात ती इतिहासाची वस्तू झालेली नसते.

एक कागद मात्र बँकेच्या हाती कधीच जात नाही : धनादेश फाडून घेतल्यावर पुस्तिकेत उरणारी अरुंद स्थळप्रत. तिच्यावर सही नसते, म्हणून तिला बाजारभाव नाही, आणि जुन्या घरांतल्या ट्रंकांत अशा स्थळप्रतींच्या गठ्ठ्यांना वाळवी लागलेली असते. धनादेशावर 'अमुक यांस रुपये तीनशे फक्त' एवढेच असते. स्थळप्रतीवर, धन्याने स्वतःपुरत्या खरडलेल्या मोडीत किंवा हिंदीत, त्या तीनशेंचे कारण असते : तळ्याची पाळ, बैलजोडी, मुलीच्या लग्नाचे सोने, नागऱ्याच्या यात्रेचा शिधा.